घरातल्या उपकरणांची खरखर: विद्युतचुंबकीय व्यत्यय कसा शोधावा आणि कसा कमी करावा

मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली की निवेदकाच्या आवाजाआधी खरखर ऐकू येते. मोबाइल चार्जिंगला लावला की बोट न लावताच स्क्रीनवर काहीबाही उघडतं. बाहेरची हार्डडिस्क जोडली की वायरलेस माउस अडखळतो. पंखा मंद केला की स्पीकर गुरगुरू लागतो. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण जात एकच आहे. एका उपकरणातली नको असलेली विद्युत ऊर्जा दुसऱ्यात शिरते आहे. यालाच विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात.

यावर बहुतेक लोक चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. ज्या उपकरणाला त्रास होतो त्यालाच फॉइल गुंडाळतात, त्याचीच केबल बदलतात, नवा रेडिओ आणतात. खरं तर आधी उगम शोधायचा, मग ती ऊर्जा कोणत्या तारेवरून बाहेर पडते ते पाहायचं आणि त्या तारेवर, उगमाच्या शक्य तितक्या जवळ, उपाय करायचा. या लेखातली प्रत्येक पायरी याच क्रमाने जाते.

तार अँटेना का होते

जुन्या अ‍ॅडॅप्टरमध्ये लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असायचा आणि तो ५० हर्ट्झवरच चालायचा. आजचा चार्जर, एलईडी बल्बचा ड्रायव्हर, सेट-टॉप बॉक्स, राउटर, टीव्ही या सगळ्यांत एसएमपीएस, म्हणजे वेगाने चालू-बंद करून वीज बदलणारा पुरवठा, असतो. तो २३० व्होल्टचं आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि मग ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. ही गती साधारण ६५ ते १३२ किलोहर्ट्झच्या घरात असते. स्विच जितक्या झटक्यात चालू-बंद होतो तितका तो कमी तापतो, म्हणून रचनाकार त्याला झटपटच ठेवतात. पण झटक्यात बदलणाऱ्या व्होल्टेजमध्ये मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, दहापट, शंभरपट वारंवारताही तयार होतात.

एक हिशोब करून पाहा. १३२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या चिपची सहावी पट ७९२ किलोहर्ट्झ येते. ६६ वर चालणाऱ्या चिपची बारावी पटही ७९२ च. आणि ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे आकाशवाणी पुण्याची मध्यम लहर. चार्जर रेडिओच्या शेजारच्या सॉकेटमध्ये असेल तर कोण कोणाला दाबणार हे उघड आहे. हल्लीच्या बऱ्याच चिपा आपली गती थोडी मागेपुढे हलवत राहतात, म्हणजे सगळी ऊर्जा एका जागी साठत नाही. त्यामुळे चाचणीचे आकडे बरे येतात, पण रेडिओवर एका ठिकाणच्या शिट्टीऐवजी रुंद पट्ट्यात पसरलेली घरघर ऐकू येते.

आता तरंगलांबी पाहा. १ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर असते. मुठीएवढा चार्जर एवढी मोठी लहर स्वतःच्या अंगातून नीट फेकूच शकत नाही. ती फेकते त्याला जोडलेली घरभर पसरलेली वायरिंग. १०० मेगाहर्ट्झला, म्हणजे एफएमच्या पट्ट्यात, लांबी ३ मीटर होते आणि तिचा चौथा भाग फक्त ७५ सेंटिमीटर. म्हणून तिथे चार्जरची दीड मीटरची केबलच पुरेशी ठरते. व्यत्ययाच्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती सिस्पर १९३४ पासून काम करते. तिच्या बहुतेक मानकांत १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा व्यत्यय तारेवर मोजतात आणि त्यापुढचा हवेत. घरी शोध घेतानाही हीच विभागणी डोक्यात ठेवा. मध्यम लहरींचा त्रास असेल तर घरातल्या वायरिंगकडे पाहा, एफएम किंवा वाय-फायचा असेल तर उपकरणाच्या स्वतःच्या केबलकडे.

ऊर्जा तारेवरून दोन तऱ्हांनी जाते

हा भाग थोडा किचकट आहे, पण पुढचे सगळे उपाय यावर उभे आहेत.

पहिल्या तऱ्हेत व्यत्ययाचा प्रवाह फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो. दोन्ही तारा शेजारीशेजारी असल्याने त्यांची क्षेत्रं बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात. दुसऱ्या तऱ्हेत तो दोन्ही तारांतून एकाच दिशेने बाहेर पडतो आणि परत येताना जमीन, भिंत, पाण्याचे पाइप, तुमचं शरीर, जे सापडेल त्यातून येतो. जाण्याची आणि येण्याची वाट एकमेकींपासून लांब असल्याने हा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असला तरी अँटेनाला चांगलाच पोसतो. इंजिनिअर पहिल्याला डिफरन्शियल मोड आणि दुसऱ्याला कॉमन मोड म्हणतात. घरातल्या तक्रारींपैकी बऱ्याच या दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि फेराइटची, म्हणजे लोहयुक्त काळ्या चुंबकीय सिरॅमिकची, रिंग नेमकी त्यावरच काम करते.

पायरी पहिली: छोटा रेडिओ घ्या आणि ऐका

सेलवर चालणारा, मध्यम लहरी असलेला साधा रेडिओ हे घरगुती शोधासाठी उत्तम यंत्र आहे. महागडा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर जे पडद्यावर दाखवतो त्यातलं बरंचसं तो कानाला सांगतो. दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा लावा. भारतात मध्यम लहरींवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या पटीत असतात, त्यामुळे दिवसा अशा जागा सहज सापडतात. शोध दिवसाच घ्या. रात्री लांबची केंद्रं येऊ लागतात आणि गोंधळ होतो.

आवाजाच्या जातीवरून उगमाचा अंदाज येतो. भुंग्यासारखी सलग, कर्कश गुणगुण असेल तर सेकंदाला १०० वेळा काहीतरी तुटतं आहे. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर असाच आवाज देतो. त्यातला ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही भाग कापून टाकतो. ट्यूनिंग फिरवताना ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा शिट्टी किंवा घरघर येत असेल तर एसएमपीएस आहे, आणि ते अंतर म्हणजे त्याची मूळ वारंवारता. ६५ किलोहर्ट्झच्या अंतराने घरघर येत असेल तर अ‍ॅडॅप्टर शोधा. अनियमित तडतड असेल तर कुठेतरी ठिणगी पडते आहे: सैल स्क्रू, जळालेलं स्विच, मिक्सरचे झिजलेले कार्बन. अधूनमधून एकच टक्क असा आवाज येत असेल तर तो फ्रिजचा थर्मोस्टॅट किंवा स्टॅबिलायझरचा रिले. याच्यामागे लागू नका.

पायरी दुसरी: मेन स्विचची परीक्षा

रेडिओवर खरखर चालू असताना घराचा मेन स्विच बंद करा. आपल्याकडे एक गोष्ट हमखास राहून जाते. मेन बंद होताच इन्व्हर्टर जागा होतो आणि राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, अर्धे दिवे तसेच चालू राहतात. म्हणून इन्व्हर्टर आणि यूपीएसही बंद करा. घरात कोणी विजेवरच्या ऑक्सिजन यंत्रावर असेल तर ही परीक्षा करूच नका, त्याऐवजी एकेक प्लग काढून शोधा.

सगळं बंद झाल्यावरही खरखर तशीच राहिली तर उगम बाहेर आहे. त्यासाठी थेट शेवटच्या भागाकडे जा. थांबली तर उगम तुमच्याच घरात आहे, आणि ही चांगली बातमी आहे कारण उपाय तुमच्या हातात आहे. आता एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचे प्रत्येक सर्किटचे छोटे ब्रेकर) एकेक करून चालू करा. ज्या एमसीबीने आवाज परत येतो त्या सर्किटवरचे प्लग एकेक काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही स्टँडबायमध्येही आतून चालू असतात, आणि फोन न जोडता सॉकेटमध्ये राहिलेला चार्जरही वेगळ्या सुरात आवाज करत असतो. फ्रिज किंवा एसी बंद केला असेल तर पुन्हा चालू करण्याआधी तीन-चार मिनिटं थांबा. कॉम्प्रेसरमधला दाब उतरू द्यावा लागतो.

एकापेक्षा जास्त उगम सापडतील, ही शक्यता धरूनच चला. सर्वांत मोठा आवाज गेल्यावर त्याच्याखाली दबलेला दुसरा ऐकू येतो. सापडलेल्या प्रत्येक उपकरणाचं नाव कागदावर लिहा आणि त्यासमोर ‘फार’, ‘मध्यम’, ‘थोडा’ असं नोंदवा. पुढचे उपाय याच क्रमाने करायचे आहेत.

सर्किट सापडलं पण उपकरण सापडत नसेल तर रेडिओ हातात घेऊन वायरिंगच्या बाजूने चाला. रेडिओच्या आत लांबीच्या दिशेने फेराइटची कांडी असते. तिचं टोक उगमाकडे झालं की आवाज सर्वांत कमी होतो आणि तिची बाजू उगमाकडे वळली की वाढतो. मोकळ्या जागेत हे तंत्र दिशा अचूक सांगतं. भिंतीतल्या तारांजवळ मात्र दिशा फसवी ठरते, तिथे फक्त आवाज कुठे वाढतो यावर विश्वास ठेवा.

पायरी तिसरी: फुकटचे उपाय आधी

उगम सापडला की पहिला प्रश्न असा: हे उपकरण बदलता येईल का? खरखर करणारा बल्ब दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. एलईडी बल्ब घेताना एवढं लक्षात ठेवा की त्यावरची बीआयएसची नोंदणी प्रामुख्याने सुरक्षिततेची आहे, रेडिओवरच्या शांततेची हमी ती देत नाही. दुकानात छोटा रेडिओ घेऊन जा, बल्ब लावून पाहायला सांगा आणि रेडिओ जवळ धरा. ज्या बल्बमध्ये स्विचिंग ड्रायव्हर नसून एलईडीच्याच पाटीवर लिनिअर चिप बसवलेली असते तो बल्ब मध्यम लहरींवर सहसा शांत असतो, कारण त्यात वेगाने चालू-बंद होणारं काहीच नसतं.

पंख्याच्या रेग्युलेटरचंही तसंच आहे. टप्प्याटप्प्याने, टकटक करत फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर लहर कापत नाही, त्यामुळे रेडिओवर आवाज येत नाही. शिवाय कापलेल्या लहरीमुळे पंख्याची मोटर करत असलेली गुणगुणही थांबते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर पंखे, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ सगळेच कुरकुरतात. तिथे फिल्टर लावून फारसं काही साधत नाही, बॅटरी बदलायची वेळ आली की साइन वेव्ह इन्व्हर्टरचा विचार करावा.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे अंतर. रेडिओ खिडकीजवळ, वायरिंग नसलेल्या भिंतीकडे न्या आणि सेलवर चालवा. अगदी जवळच्या क्षेत्रात अंतर दुप्पट केलं तरी व्यत्यय निम्म्यापेक्षा कितीतरी कमी होतो. तिसरा उपाय तारांची मांडणी. अ‍ॅडॅप्टरची उरलेली वायर गोल वेटोळं करून ठेवू नका आणि सिग्नलची केबल पॉवरच्या केबलला समांतर, चिकटवून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पायरी चौथी: फेराइट, नीट लावलेलं

लॅपटॉपच्या जुन्या केबलवर जो जाड काळा फुगवटा दिसतो ते फेराइट. तशाच उघडझाप होणाऱ्या क्लिपा बाजारात मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात असे सुटे भाग मिळतात. लोक एक क्लिप आणतात, केबलवर लावतात, फरक पडत नाही आणि फेराइट म्हणजे थोतांड अशी समजूत होते. चूक वापराची असते.

केबल रिंगमधून एकदाच गेली की तो एक वेढा. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका वेढ्याला १ मेगाहर्ट्झवर २० ओहम अडथळा मिळत असेल तर दहा वेढ्यांना सुमारे २००० ओहम मिळेल. मध्यम लहरींसाठी एक क्लिप जवळजवळ निरुपयोगी आहे. मोठी रिंग घेऊन तीच केबल आठ-दहा वेळा ओवावी लागते. एफएमच्या पट्ट्यात मात्र एक ते तीन वेढे पुरतात. तिथे जास्त वेढे घेतले तर वेढ्यांमधल्याच कपॅसिटन्समधून ऊर्जा उडी मारून पलीकडे जाते. म्हणून गाडीतल्या डॅशकॅममुळे एफएम खरखरत असेल तर त्याच्या पॉवर केबलवर, कॅमेऱ्याच्या आणि चार्जरच्या अगदी जवळ, एकेक क्लिप लावून उपयोग होतो. हीच क्लिप घरच्या मध्यम लहरींच्या रेडिओसाठी कामाची नाही.

फेराइटची जातही पाहावी लागते. मँगनीज-झिंकचं फेराइट काही मेगाहर्ट्झपर्यंत चांगलं, निकेल-झिंकचं त्यापुढे. क्लिपा बहुतेक निकेल-झिंकच्या असतात. मध्यम लहरींसाठी मँगनीज-झिंकची रिंग मागा. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून रिंग काढणाऱ्यांनी एक फरक ओळखावा: पिवळी-पांढरी रिंग लोखंडी भुकटीची असते आणि या कामाला चालत नाही. वीज आत येते त्या सॉकेटजवळ दोन वेगळ्या गुंडाळ्या असलेला जो चोक असतो तो कामाचा. पण तो डबा उघडण्याआधी मोठे कपॅसिटर रिकामे झाले आहेत याची खात्री मल्टिमीटरने करा. त्यात ३०० व्होल्टपेक्षा जास्त चार्ज साठलेला असू शकतो.

ओवताना पूर्ण केबल ओवा, म्हणजे फेज, न्यूट्रल, असेल तर अर्थ, सगळ्या एकत्र. असं केल्याने उपकरणाचा खरा प्रवाह जाताना आणि येताना एकमेकाला रद्द करतो, फेराइट संपृक्त होत नाही (त्याची चुंबकीय क्षमता भरून जात नाही) आणि अडतो तो फक्त कॉमन मोडचा व्यत्यय. एकच तार ओवली तर जड प्रवाहाने रिंग लगेच निकामी ठरते. आणि रिंग उगमाकडच्या टोकाला बसवा. मधली दोन मीटर वायर मोकळी सोडली तर तेवढी अँटेना शिल्लक राहतेच.

पायरी पाचवी: फिल्टर आणि त्यातला धोका

फेराइटने भागलं नाही तर मेन्सचा तयार फिल्टर लावता येतो. त्यात कॉमन मोड चोक, फेज-न्यूट्रलमध्ये एक्स कपॅसिटर आणि दोन्हींपासून अर्थकडे वाय कपॅसिटर असतात. स्वतः जोडणार असाल तर एक नियम कधीही मोडू नका. फेज-न्यूट्रलमध्ये फक्त एक्स-२ दर्जाचाच, २७५ व्होल्ट एसी किंवा त्याहून अधिकचा कपॅसिटर लावा, आणि अर्थकडे फक्त वाय दर्जाचा. साधा ४०० व्होल्टचा कपॅसिटर दिसायला तसाच असतो, पण मेन्सवरच्या झटक्यांनी तो आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. कपॅसिटरशी समांतर सुमारे १ मेगाओहमचा रोधही हवा, नाहीतर प्लग काढल्यावर पिनांना हात लागला की झटका बसतो.

वाय कपॅसिटर मुद्दाम लहान ठेवतात. २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह अर्थकडे गळत राहतो. अर्थिंग नीट असेल तर तो निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर दोन समान वाय कपॅसिटरांच्या मधोमध असलेली धातूची बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. धातूच्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात त्या अशाच गळतीच्या. प्रवाह अगदी कमी असल्याने सहसा इजा होत नाही, पण आपल्या सॉकेटमधलं अर्थिंग मेलं आहे किंवा अ‍ॅडॅप्टर दोन पिनांचा आहे हे त्यातून कळतं. आणि अर्थिंगशिवाय फिल्टरचा अर्धा भाग झोपलेलाच राहतो. घरात बरेच फिल्टर लावल्याने गळतीची बेरीज वाढून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर) वारंवार पडू लागतो, हेही ध्यानात ठेवा.

अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर

जुन्या चाळीत आणि खेड्यातल्या घरांत सॉकेटच्या मोठ्या भोकात पुष्कळदा तारच जोडलेली नसते. काही ठिकाणी तर वायरमनने सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिलेले असतात. हे जीवघेणं आहे. मागे कुठेही न्यूट्रल तुटला तर फ्रिजची आणि वॉशिंग मशीनची बॉडी थेट फेजवर येते. असं काही आढळलं तर व्यत्ययाचा विचार बाजूला ठेवून आधी परवानाधारक वायरमनला बोलवा आणि अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्या. मल्टिमीटरवर फेज-अर्थ २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग चांगलं असं नाही. मीटर इतका कमी प्रवाह घेतो की कमकुवत जोडणीही त्याला चांगली भासते.

तसंच अर्थिंग केल्याने रेडिओची खरखर आपोआप जाईल ही अपेक्षाही ठेवू नये. सरळ तारेचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री धरलं तर १० मीटरची अर्थिंगची तार १ मेगाहर्ट्झवर ६० ओहमपेक्षा जास्त अडथळा देते. विजेच्या धक्क्यापासून वाचवण्यासाठी ती अनिवार्य आहे, रेडिओ लहरींसाठी मात्र ती आणखी एक लांब तार ठरते.

आणि स्पीकरची घूं बंद व्हावी म्हणून प्लगची अर्थ पिन कापून टाकण्याचा जो सल्ला दिला जातो तो कधीही ऐकू नका. अशी घूं बहुतेक वेळा दोन अर्थ-जोडण्यांमधल्या फेऱ्यामुळे येते. लॅपटॉप एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर आणि दोघांमध्ये ऑडिओ केबल. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. घूं गेली तर निदान पक्कं. मग दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, नाहीतर ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावरच घूं येत असेल तर केबलवाल्याची जाड वायर काढून तपासा, फेरा तिथून बंद होत असतो.

मोबाइल, माउस आणि शेत

चार्जिंग करताना स्क्रीन आपोआप चालत असेल तर फोन पॉवर बँकवर लावून बघा. त्रास थांबला तर फोन चांगला आहे, चार्जर खराब आहे. स्वस्त चार्जरमधून फोनवर जो कॉमन मोडचा व्होल्टेज येतो तो बोटाच्या स्पर्शाचं मोजमाप बिघडवतो. इथे फेराइट शोधू नका, चार्जर बदला. ज्या चार्जरमध्ये फिल्टरचे भाग गाळले आहेत त्यात मेन्स आणि यूएसबीमधलं सुरक्षित अंतर तरी राखलं असेल यावर भरवसा ठेवता येत नाही.

वायरलेस माउसचं दुखणं वेगळं. यूएसबी ३.० ची ५ गिगाबिटची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रुंद गोंगाट करते, आणि माउसचा डाँगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर), ब्लूटूथ, जुनं वाय-फाय सगळे तिथेच राहतात. २०१२ साली इंटेलने स्वतः मोजमापांसह हे मांडलं होतं. उपाय सोपा आहे. डाँगल हार्डडिस्कच्या शेजारच्या पोर्टमधून काढा आणि यूएसबी २ च्या छोट्या एक्स्टेन्शन केबलने अर्धा मीटर दूर, माउसजवळ आणा. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. हार्डडिस्कची केबल आखूड आणि चांगल्या शील्डची घ्या.

शेतावर सौर कृषी पंप आला आणि बांधावरचा रेडिओ मुका झाला, असं होऊ शकतं. पंपाचा कंट्रोलर पॅनेलच्या डीसीपासून मोटरसाठी तीन फेज तयार करताना काही किलोहर्ट्झने स्विचिंग करतो, आणि बोअरवेलपर्यंत गेलेली लांब केबल ते पसरवते. कंट्रोलर उघडू नका, वॉरंटी जाईल आणि आत धोकादायक डीसी असतो. बाहेरून करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पॅनेलची धन आणि ऋण तार शेवटपर्यंत जोडीने न्या, सांगाड्याच्या दोन बाजूंनी नेऊन मोठा फेरा करू नका. मोटरच्या तिन्ही तारा एकाच केबलमध्ये, शक्य तर आर्मर्ड केबलमध्ये ठेवा आणि आर्मर अर्थला जोडा. तिन्ही तारा एकत्र एका मोठ्या फेराइट रिंगमधून ओवून रिंग कंट्रोलरच्या तोंडाशी बसवा. ही सगळी जोडणी पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडून, पॅनेलचा आयसोलेटर बंद करूनच करून घ्या.

स्वतः सर्किट बनवणाऱ्यांसाठी

रिले चालू झाला की आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो, ही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतली नेहमीची अडचण. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावलेला असतो, तरी त्रास जात नाही. कारण ठिणगी कॉन्टॅक्टवर पडते, तिथे जोडलेल्या मोटर किंवा सोलेनॉइडमुळे. एसी भाराच्या कॉन्टॅक्टवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ असा मालिकेत जोडलेला, ठिणगी दाबणारा स्नबर लावा. भार डीसी असेल तर भारावरच डायोड लावा. रिलेच्या पुरवठ्याच्या तारा मायक्रोकंट्रोलरपेक्षा वेगळ्या, थेट पॉवर सप्लायपर्यंत न्या.

बोर्ड आखताना फेरा लहान ठेवणं हे निम्मं काम आहे. उच्च वारंवारतेचा परतीचा प्रवाह सर्वांत जवळची वाट धरत नाही, तो जाणाऱ्या तारेच्या अगदी खालून परत यायला बघतो. खालच्या ग्राउंड प्लेनमध्ये (ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या सलग थरात) तुम्ही चीर पाडली तर त्याला वळसा घालावा लागतो आणि त्या वळशाची अँटेना होते. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पिनेला चिकटून हवा. दोन सेंटिमीटर दूर लावलेला कपॅसिटर मधल्या तारेच्या इंडक्टन्समुळे उशिरा पोहोचतो. बक कन्व्हर्टरमध्ये (डीसी व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमध्ये) इनपुट कपॅसिटर, स्विच आणि डायोड या तिघांचा फेरा सर्वांत तापट, तो नखाएवढा ठेवा. मग बोर्ड चालू करून छोटा रेडिओ त्याच्यावरून फिरवा. बदल केल्यावर आवाज घटला की वाढला हे तिथल्या तिथे कळतं.

उगम घराबाहेर असेल तर

नारायणगावजवळ खोडद इथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. जागा निवडताना तिथली रेडिओ-शांतता हे एक मोठं कारण होतं. तरीही वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा रुंद पट्ट्यातला व्यत्यय तिथल्या शास्त्रज्ञांना पुरून उरतो, आणि अद्ययावत केलेल्या यंत्रणेत तो निरीक्षण चालू असतानाच ओळखून गाळण्याची सोय करावी लागली. सैल झालेला क्लॅम्प किंवा तडकलेला इन्सुलेटर काय करू शकतो याचा अंदाज यावरून यावा.

अशी ठिणगी कोरड्या हवेत जोरात असते आणि पावसाने भिजल्यावर पुष्कळदा थांबते. वाऱ्याबरोबर आवाज कमीजास्त होत असेल तर संशय आणखी पक्का. रेडिओ घेऊन लाइनच्या कडेकडेने चाला. मध्यम लहरींवर आवाज लांबवर पसरलेला असतो, म्हणून जागा निश्चित करताना शक्य तितक्या वरच्या वारंवारतेवर ऐका, तिथे तो उगमाजवळच टिकतो. खांबाला हात लावू नका, ठोकू नका, ताणतारेला हलवू नका.

मग महावितरणच्या उपविभागात लेखी किंवा १९१२ वर तक्रार द्या. ‘रेडिओ नीट लागत नाही’ एवढंच लिहिलं तर कोणी फिरकणार नाही. लाइनवर ठिणगी पडत असल्याचा संशय आहे असं लिहा, कारण तो सैल जोड उद्या तार तुटण्याचं निमित्त होऊ शकतो आणि लाइनमनला ते बरोबर समजतं. सोबत खांबावर रंगवलेला नंबर, आवाज कोणत्या वेळी येतो, पावसात थांबतो का, आणि मेन स्विच बंद ठेवूनही येत होता ही नोंद द्या. काळोखात सुरक्षित अंतरावरून एखाद्या इन्सुलेटरवर निळसर चमक दिसली असेल तर तेही कळवा, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.